पाचवीचा तक्ता

मला एका जागी बसवत नाही. हा दोष जुना आहे. आई म्हणायची, हा पाळण्यातसुद्धा पाय झाडून झोका देणाऱ्याला दमवायचा. मास्तरकीला असला स्वभाव वाईट. मी वर्गात सारख्या येरझाऱ्या घालायचो, आणि माझ्यामागे पोरांच्या माना डावीकडून उजवीकडे फिरायच्या. त्यात राग नाकावर. खडू मोडला तरी मी भडकायचो, आणि मग तो राग कुणावर तरी निघायचाच.

एकोणचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी मुरबाड तालुक्यातल्या एका गावात मास्तर होतो. वैशाखऱ्याच्या सडकेवरून आत तासभर चाललं की ते गाव लागायचं. मारुतीच्या देवळाचा सभामंडप हीच शाळा. पहिली ते चौथी असे चार वर्ग, आणि चारही वर्गांना मिळून मी एकटा. नोकरीला दोन वर्षं झाली होती, पण अजून कायम झालो नव्हतो. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि बायको कल्याणला तिच्या माहेरीच होती. मला बदली हवी होती, आणि तीही शहापूरला. तिथे भाड्याने खोली मिळते, डॉक्टर आहे, आसनगावचं स्टेशन हाकेवर आहे. रोज संध्याकाळी मी उगाचच सडकेपर्यंत जायचो आणि तसाच परत यायचो. गावातले लोक एकमेकांना म्हणायचे, "मास्तराचा पाय काय ठरंना रं." नव्हताच ठरत.

त्या मे महिन्यात जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाचा कागद आला. गाव दोन वर्षं पाचवीच्या वर्गासाठी अर्ज करत होतं. तो वर्ग एका वर्षापुरता मंजूर झाला होता. पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे दिपोटीसाहेब तपासणीला येऊन ठरवणार होते, आणि तेही हजेरीची सरासरी बघून. हजेरी राहिली तर पुढच्या साली सहावी, मग सातवी. नाही राहिली तर पुन्हा चौथीवर दप्तर बंद.

चौथी पास झालेली अकरा पोरं होती. दहा मुलगे आणि एक मुलगी. दहा मुलगे असेतसेच होते, खोटं कशाला बोलू? पण ती मुलगी! अपूर्णांक तिला कधी शिकवावेच लागले नाहीत. भावंडं पाच, आणि भाकरी चार. वाटे करून करून तिचं गणित तयार झालेलं. मांडीवर धाकटा भाऊ घेऊन ती वर्गात बसायची, तो रडला की एका हाताने त्याला थोपटायची आणि दुसऱ्या हाताने पाटीवर उत्तर. एकदा तिने मला विचारलं होतं, "मास्तर, सातवी झाली का बाई व्हता येतं ना? साळंतली बाई?" मी म्हटलं, येतं. दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला.

बाप म्हणजे गावातला जुना कुळंबी, उंच, कमी बोलणारा. पायऱ्यांवर उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, वर्ग गावात हाय तवर पोर शिकंल. मुरबाडला काय मी तिला धाडनार नाय. वर्ग बंद झाला का लगीन लावून देनार. तुमाला आधीच सांगून ठेवतंय." धमकी नव्हती ती. जे होणार ते सांगितलं त्याने.

मग काय, मी सुट्टीत कल्याणला जायचं सोडून तक्ता करायला बसलो. बसलो म्हणजे काय, उभाच. देवळाच्या फरशीवर मोठा जाड कागद पसरला, रूळ घेतला, लाल आणि निळी शाई घेतली. वरून खाली आठवडे, आडवे विषय. वाचन, व्याकरण, गणित, हिंदुस्थानचा भूगोल, इतिहास, शुद्धलेखन. कोणता धडा कोणत्या आठवड्यात, कोणती उदाहरणं कोणत्या वारी. असे वर्षाचे तक्ते सगळेच मास्तर करत, साहेबाच्या तोंडावर मारायला. जूनमध्ये भिंतीला लावायचा आणि मार्चमध्ये उतरवायचा, मधल्या काळात त्याच्याकडे पाल सोडून कुणी बघत नसे.

मला तसला करायचा नव्हता. आदल्या सालचं हजेरीपत्रक मी समोर घेतलं आणि नीट बघितलं. पोरं वर्षातून दोनदा गायब व्हायची. एकदा आषाढात, आवणीला, म्हणजे भाताची रोपं काढून चिखलात लावायच्या वेळी. आणि एकदा दिवाळीच्या आसपास, कापणीला. बाकी पौषात म्हसा गावची जत्रा म्हणून चार दिवस, ते सोडून देऊ. म्हटलं, घोडं अडतंय कुठे? आपण सुट्टी देतो तेव्हा पोरं घरी रिकामी, आणि आपण शिकवतो तेव्हा पोरं चिखलात! मग सुट्टीच हलवा ना. उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीतले दिवस कापायचे, एक तुकडा आवणीला लावायचा आणि दुसरा दिवाळीच्या सुट्टीला जोडून कापणीला. वसुबारसेपासून पुढे तीन आठवडे. पंचांगात वसुबारस कोणत्या तारखेला ते बघितलं आणि तारखा घालून बोर्डाकडे अर्ज धाडला.

बोर्डाने मंजुरी दिली! मी देवळात एकटाच टाळी वाजवली.

जूनच्या पहिल्या सोमवारी गाव गोळा केलं. तक्ता भिंतीला लावला होता, लाल चौकटी सुट्टीच्या. छडी घेऊन एकेक चौकट समजावून सांगितली. म्हटलं, "आवणीला सुट्टी देतो, कापणीला सुट्टी देतो. पण बाकीच्या दिवशी एकही पोर घरी राहता कामा नये. ढोरं हरवली, पाहुणे आले, काही ऐकून घेणार नाही. शब्द द्या." त्यांनी दिला. मुलीच्या बापाने सगळ्यांच्या वतीने मारुतीपुढे नारळ फोडला आणि खोबरं वाटलं.

आणि काय सांगू, पाळला हो त्यांनी! आषाढात आवणीला पोरं गेली ती ठरल्या दिवशी परत आली, अकराच्या अकरा. नखांत चिखल, पायाच्या बेचक्यांत चिखलाने कुजलेल्या कुया, पण आली. मी तक्त्यावर एकेक धडा निळ्या शाईने खोडत चाललो होतो. भूगोल एक आठवडा पुढेच होता. तालुक्यातले दुसरे मास्तर बाजारात भेटले की मी त्यांना माझ्या तक्त्याबद्दल ऐकवायचो. मी तेव्हा असह्य झालो असणार.

त्या श्रावणात कल्याणहून सासऱ्यांचं पत्र आलं, जावईबापूंनी वाणाला यावं. अधिक महिना होता. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. शनिवारी गेलो, पाटावर बसलो, तबकात दिवा, अनारसे, सासूबाईंनी आग्रहाने त्यातले सहा तिथल्या तिथे खायला लावले. रविवारी परत आलो. सोमवारी चौथीला म्हणी घेतल्या. "दुष्काळात तेरावा महिना" ही म्हण फळ्यावर लिहिली आणि अर्थ समजावून सांगितला की दर तीन वर्षांनी एक महिना जास्त येतो, त्याला अधिक म्हणतात. माझ्या मागच्या भिंतीवर माझा तक्ता होता. फळ्याकडे तोंड, तक्त्याकडे पाठ. घरात पंचांग वाचून वाढलेला मी ब्राह्मण, माझ्या डोक्यात काही म्हणून काही शिरलं नाही.

लढाई सुरू झाल्याची बातमी आली, गणपती आले, नवरात्र बसलं. दसरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात सात पोरं होती. तिसऱ्या दिवशी चार. मग दोन. मी भडकलो. सुट्टीला अजून अडीच-तीन आठवडे होते, तक्त्यावर व्यवहारी अपूर्णांक आणि गंगेचा प्रदेश होता, आणि पोरं कुठे? त्यातच मुरबाडहून चिठ्ठी आली, दिपोटीसाहेब तीन दिवसांनी तपासणीला येत आहेत.

मी देवळाला कडी घातली आणि तडक शेतावर गेलो. मुलीचा बाप, त्याची बायको, ती मुलगी, सगळे वाकून कापत होते. मी बांधावरूनच ओरडलो. काय काय बोललो ते आज लिहवत नाही. "शब्द दिला होतात मारुतीपुढे! नारळ फोडलात! हीच का तुमची जबान?" आजूबाजूच्या शेतांतले लोक कापणी थांबवून बघत राहिले. त्याने विळा कमरेला खोचला आणि माझ्याजवळ आला.

"मास्तर, शबुद आमी मोडला नाय. कापनीला सुट्टी, असं ठरलं व्हतं. ही कापनीच हाय."

"कापणी दिवाळीत असते!"

"परसाल व्हती. औंदा अधिक आला ना. दिवाळी पुढं गेली. चित्रा नक्षत्र लागलं, हळवं भात पिकलं, ते काय दिवाळीची वाट बघंल? देव तिथीवर चालतात, मास्तर. भात नखेत्रावर चालतं."

मी बांधावर बसलो. माझ्या आयुष्यात मी आपण होऊन बसलो असे प्रसंग थोडे आहेत, त्यातला हा एक. मागच्या साली दिवाळी आणि कापणी एकत्र आली म्हणून मी कापणी दिवाळीला बांधून टाकली होती. अधिकाने दिवाळी ओढून नेली आणि भात जागच्या जागी राहिलं. अडाण्यालाही कळेल अशी गोष्ट. आणि गावातल्या प्रत्येकाला ती कळलेलीच होती. त्यांना वाटत होतं, मास्तर एवढा तक्ता करतो तो बघेलच की.

"चूक माझीच," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, हे मात्र खरं.

"मग सायबाला तसं सांगा," तो म्हणाला. "समजून घेतील. मानूसच हाय ना तो." आणि मुलीकडे वळून म्हणाला, "तू जाशील गो त्या दिवशी. आमी बघू हितलं."

साहेब आले त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. कापलेलं भात शेतात उघडं पडलेलं, त्यामुळे कोण पोराला सोडतो? पाचवीची तिघं आली. ती आणि दोन मुलगे. तिच्या केसांत पेंढ्याची काडी होती आणि डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, विळा लागलेला असणार. धाकट्याला आज घरीच ठेवलं होतं.

साहेब सभामंडपात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी तक्त्यासमोर उभे राहिले. किती वेळ उभे राहिले! चष्मा काढून, पुसून, परत लावून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. "हे तुम्ही केलंत? शेतीची कामं बघून सुट्ट्या? वा! अहो, असलं डोकं मी जिल्ह्यात बघितलं नाही. हा मला उतरवून द्या, तालुक्यातल्या सगळ्या शाळांना नमुना म्हणून पाठवतो." माझे कान गरम झाले. दोन वर्षांत मला कुणी वा म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी हजेरीपत्रक उघडलं. पान उलटलं. कपाळाला आठी पडली.

"काय हो हे? सुट्टी तर वसुबारसेपासून आहे. आणि पोरं दसऱ्यापासून नाहीत?"

एवढंच सांगायचं होतं की तक्ता चुकलाय. पाच-सहा शब्द. शेतातल्या माणसांना सांगितले ते शब्द. पण ते नमुन्याचं बोलले होते. नमुना चुकलेला कसा असेल? माझ्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं. "साहेब, गावाने शब्द दिला होता. पाळला नाही. इथल्या लोकांना शाळेची कदर नाही."

ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. तिने पाटीवरून मान वर केली.

साहेबांनी लिहून घेतलं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "मुली, पाऊणातून दोन तृतीयांश गेले, किती उरले?" हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. ती बोलली नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचाच राग आला! "बोल की गो!" मी खेकसलो. तिने मान खाली घातली. साहेब "हं" म्हणाले आणि चहा मागितला.

तपासणीनंतर दिवाळी आली आणि माझी मंजूर सुट्टी सुरू झाली. आता शेतं मोकळी, पोरं मोकळी, आणि शाळा बंद. तिसऱ्या दिवशी मी देवळाचं दार उघडून बसलो, तर अकराही पोरं आपण होऊन आली. तीसुद्धा आली. तीन आठवडे मी त्यांना हजेरी न मांडता शिकवलं, कारण सुट्टीतली हजेरी धरत नाहीत. म्हशाच्या जत्रेपर्यंत अपूर्णांक संपले, गंगा समुद्राला मिळाली. गावाने आपल्या बाजूने सगळं केलं होतं. अजून वेळ होता. मी साहेबांना पत्र लिहायला घ्यायचो. "सविनय निवेदन की, तक्ता करताना माझ्या हातून" इथपर्यंत यायचो, उठायचो, सडकेपर्यंत चालत जायचो, आणि परत येऊन कागद फाडायचो. असे किती फाडले असतील! पौष गेला, माघ गेला. माघात मला कायम केल्याचा कागद आला आणि जूनपासून शहापूरची बदली. तक्त्याचा त्यात खास उल्लेख होता. बायकोला मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. ते फाडलं नाही.

फाल्गुनात बोर्डाचा हुकूम आला. तो ग्रामस्थांना वाचून दाखवावा, असं वर लिहिलं होतं. गाव पुन्हा सभामंडपात जमलं. राबाला, म्हणजे रोपांच्या वाफ्यात जाळायला, पाला तोडायचे दिवस, लोक खांद्यावरचे कोयते तसेच घेऊन आले होते. पोरं खांबांपाशी उभी होती.

मी वाचलं. "सदर गावचे ग्रामस्थ शिक्षणाविषयी उदासीन असल्याचे तपासणीत आढळून आल्यावरून पाचवीचा वर्ग येत्या वर्षापासून बंद करण्यात येत आहे."

मग मुलीचा बाप म्हणाला, "बंद, ते समजलं. ते मधलं काय? उदासीन म्हंजे?"

शब्दांचे अर्थ सांगणं हा माझा धंदा. अडीच-तीन वर्षं मी त्या मंडपात तेच केलं होतं. आता मी कागदाकडे बघत राहिलो.

खांबापासून तिचा आवाज आला. "उदासीन म्हंजे आपल्याला साळा नको व्हती."

"नको व्हती?" बाप उभा राहिला. "आपल्याला? असं कोन बोलला?"

इथे मी पुढे होऊन "मी बोललो" म्हणालो, असं लिहायला हात शिवशिवतो. ते लिहिणं किती सोपं आहे, आता विचारणारं कोण आहे! पण तसं झालं नाही. मी उभा होतो, कागद हातात होता, आणि सगळं गाव माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होतं, कारण शब्द तिला कळला होता.

तिने माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे.

"सायेब," ती म्हणाली. "सायबानं लिवलंय."

"सायबाला काय ठाव आपलं," बाप म्हणाला. त्याने कोयता उचलला, मला रामराम केला आणि पोरीला घेऊन घरी गेला.